आलेला माणूस ‘आलाच नाही’ म्हणणारा कायदा

फ्रँकफुर्टच्या विमानतळावर एक माणूस विमानातून उतरतो. त्याचे पाय जर्मन भूमीवर टेकलेले असतात, त्याला अडवणारा पोलीस जर्मन संघराज्याचा असतो आणि ज्या खोलीत त्याला बसवले जाते तिच्या भिंतीही जर्मनच असतात. मायदेशी आपल्या जिवाला धोका आहे, आपल्याला आश्रय मिळावा, असे तो त्या पोलिसाला सांगतो. त्या क्षणापासून जर्मन कायदा असे धरून चालतो की, हा माणूस जर्मनीत आलेलाच नाही. तो समोर उभा आहे, बोलतो आहे, भुकेला आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने तो अद्याप आकाशातच कोठेतरी तरंगतो आहे!

या कल्पनेला कायदेपंडित ‘अप्रवेशाची कल्पिती’ असे भारदस्त नाव देतात. सामान्य माणसाच्या भाषेत याला खोटे बोलणे म्हणतात. पण हे खोटे निरुद्देश नाही. आश्रयाचा हक्क घटनेत ठेवावयाचा, जगापुढे त्याची शेखी मिरवावयाची आणि त्याच वेळी तो हक्क मागणारा माणूस दारापर्यंत पोहोचू नये, पोहोचलाच तर त्याला दारातच थोपवून धरावे, अशी ही सारी योजना आहे. आणि समाजवाद्यांनी खेदाने नोंद घ्यावी अशी गोष्ट म्हणजे, ही योजना केवळ प्रतिगाम्यांनी रचलेली नाही. तिच्यावर समाजवादी हातांच्या सह्या आहेत.

एकोणीस दिवसांचा न्याय

प्रथम ही पद्धत कशी चालते ते नीट समजून घ्यावयास हवे. कारण अन्याय तपशिलात दडलेला असतो. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यात राजकीय छळ झालेल्यांना आश्रयाचा हक्क आहे, एवढेच एक छोटे, निःसंदिग्ध वाक्य होते. २६ मे १९९३ रोजी संसदेने घटनादुरुस्ती केली आणि त्या वाक्याला अटींची लांबलचक शेपटी जोडली. त्यांतली पहिली अट अशी की, युरोपीय समुदायाच्या देशातून किंवा ‘सुरक्षित तिसऱ्या देशा’तून आलेल्याला हा घटनात्मक हक्क सांगता येणार नाही. जर्मनीच्या नकाशाकडे एकवार पाहावे. तिच्या सर्व भूसीमांना असेच देश भिडलेले आहेत. म्हणजे जमिनीवरून येणाऱ्याच्या बाबतीत घटनेतला हक्क एका फटक्यात संपला. उरला आकाशमार्ग, आणि त्याचा बंदोबस्त १ जुलै १९९३ पासून अमलात आलेल्या कलम १८अ ने केला. तीच ही ‘विमानतळ-पद्धती’.

ती दोन प्रकारच्या लोकांना लागू होते. जे ‘सुरक्षित’ ठरवलेल्या देशांतून येतात, ते एक. आणि ज्यांच्याजवळ वैध पारपत्र नाही, ते दुसरे. अशांचा अर्ज विमानतळावरच ऐकला जातो. निर्वासितविषयक संघीय कार्यालयाचा अधिकारी मुलाखत घेतो. दोन दिवसांत निर्णय झाला नाही तर त्या माणसाला देशात प्रवेश द्यावा लागतो. अर्ज ‘उघड उघड निराधार’ म्हणून फेटाळला गेला तर प्रवेश नाकारला जातो आणि प्रशासकीय न्यायालयाकडे धाव घेण्यास तीन दिवस मिळतात. कारणे सविस्तर मांडण्यासाठी मागितल्यास आणखी चार दिवस मिळतात. न्यायालयाने चौदा दिवसांत निर्णय द्यावयाचा. न दिल्यास प्रवेश. न्यायालयाचा निर्णय बहुधा कागदांवरूनच होतो. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे तो माणूस न्यायाधीशाच्या दृष्टीस पडतोच असे नाही. दोन, तीन आणि चौदा मिळून एकोणीस दिवस झाले. घाई करणाऱ्या सरकारने स्वतःवरही मुदतीचे बंधन घालून घेतले आहे, एवढे श्रेय या कायद्याला द्यावयास हवे. श्रेय येथेच संपते.

दीर्घ प्रवासाने थकलेला, भेदरलेला, भाषा न जाणणारा माणूस आपल्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची साक्ष विमानतळावर उतरल्यानंतर तासा-दोन तासांत किंवा फार तर एका-दोन दिवसांत देतो. तुरुंगातल्या मारहाणीची तारीख चुकली, भावाच्या अटकेचा महिना मागेपुढे झाला, तर ती ‘विसंगती’ ठरते. बलात्कार सोसलेली स्त्री अनोळखी पुरुष दुभाष्यापुढे पहिल्याच दिवशी सारे सांगू शकली नाही आणि नंतर सांगू लागली, तर ती ‘वाढवून सांगते’ असे म्हटले जाते. १४ मे १९९६ रोजी जर्मनीच्या संघराज्य घटना न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. मात्र अर्ज फेटाळला गेल्यावर तज्ज्ञ कायदेशीर सल्ला विनामूल्य मिळाला पाहिजे, अशी अट त्याने घातली. म्हणजे वकील मिळणार तो साक्ष होऊन गेल्यावर! शस्त्रक्रिया उरकल्यावर वैद्याला बोलावण्याचाच हा प्रकार आहे.

त्याच निकालात असेही म्हटले गेले की, विमानतळावर थांबवून ठेवणे म्हणजे कैद नव्हे, कारण हा माणूस केव्हाही विमानात बसून परत जाऊ शकतो. या तर्काची वासलात लागण्यास नेमके सहा आठवडे लागले. २५ जून १९९६ रोजी स्ट्रासबूर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने चार सोमाली भावंडांच्या प्रकरणात फ्रान्सविरुद्ध निर्णय दिला. १९९२ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर उतरलेल्या या भावंडांना वीस दिवस डांबून सीरियाला परत धाडण्यात आले होते. त्यांना जाण्याची मोकळीक होती, हे फ्रेंच सरकारचे म्हणणे न्यायालयाने मानले नाही. जेथे जावे तेथे संरक्षणाची खात्री नसेल तर जाण्याचे स्वातंत्र्य पोकळ आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. घराला आग लागलेल्याला ‘तू घरी जायला मोकळा आहेस’ असे सांगण्याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत, हे समजण्यासाठी वास्तविक न्यायालयाचीही गरज पडू नये.

आणि एकोणीस दिवसांनंतर काय? अर्ज फेटाळला, पण परत पाठवावयास कागदपत्रे नाहीत किंवा मायदेश स्वीकारीत नाही, अशा अवस्थेत माणसे विमानतळावरच्या इमारतीत महिनोन्‌महिने राहिली आहेत. मे २००० मध्ये फ्रँकफुर्टला एका अल्जेरियन स्त्रीने याच विभागात आत्महत्या केली. ती तेथे सात महिन्यांहून अधिक काळ होती. कायद्याच्या मते ती जर्मनीत कधी आलीच नव्हती. ती मेली मात्र जर्मनीत.

काउंटरवरचा न्यायनिवाडा

तथापि फ्रँकफुर्टला पोहोचलेला माणूस त्यातल्या त्यात भाग्यवान म्हटला पाहिजे. त्याची दोन शब्दांची तरी सुनावणी होते. खरा निवाडा त्याच्या पुष्कळ आधी, हजारो मैल दूर, विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर होऊन गेलेला असतो.

फेब्रुवारी १९८७ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर श्रीलंकेतून पळालेले पन्नासहून अधिक तमिळ उतरले. त्यांना परत पाठवण्यासाठी विमानाकडे नेत असताना त्यांतल्या अनेकांनी अंगावरचे कपडे उतरवून निषेध केला आणि न्यायालयाच्या आदेशाने ती पाठवणी थांबली. ब्रिटिश सरकारने यातून काय बोध घ्यावा? अर्ज अधिक नीट ऐकावेत, असा नव्हे. त्याच वर्षी कायदा झाला की, योग्य कागदपत्रांवाचून प्रवासी आणणाऱ्या विमान कंपनीला दर प्रवाशामागे एक हजार पौंड दंड होईल. पुढे संपूर्ण युरोपने हाच मार्ग पत्करला. २००१ च्या युरोपीय निर्देशाप्रमाणे कमाल दंड ठरवावयाचा तर तो दर प्रवाशामागे ५,००० युरोंहून कमी नसावा आणि किमान दंड ठरवावयाचा तर ३,००० युरोंहून कमी नसावा. शिवाय त्या प्रवाशाला परत नेण्याचा भार कंपनीवरच.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही या व्यवस्थेचा परिणाम सांगता येईल. कंपनीने संशयिताला चढवले तर नुकसान हजारो युरोंचे. खऱ्या निर्वासिताला नाकारले तर नुकसान शून्य. पहिल्या चुकीला किंमत आहे, दुसऱ्या चुकीला नाही. अशा स्थितीत काउंटरवरचा पगारी नोकर दुसरी चूक करीत राहणार, हे ठरलेलेच. तो दुष्ट नसतो. त्याला त्याची नोकरी प्यारी असते. काही देश आश्रय मंजूर झाल्यास दंड माफ करतात हे खरे. पण तो मंजूर होईल की नाही हे बैरूत किंवा नैरोबीच्या काउंटरवर उभ्या असलेल्या नोकराने भविष्य पाहून ओळखावयाचे काय? सरकारने आपले सर्वांत गंभीर सार्वभौम कर्तव्य अशा तऱ्हेने खाजगी कंपनीच्या गळ्यात मारले आहे. तेथे दुभाषा नाही, वकील नाही, अपील नाही, निकालपत्रही नाही. खाजगीकरणाची याहून निर्घृण तऱ्हा शोधून सापडणार नाही.

मग त्याने रीतसर व्हिसा घेऊन यावे, असा सल्ला दिला जातो. पण आश्रय मागण्यासाठी येतो असे सांगणाऱ्याला व्हिसा कोणता देश देतो? अलेप्पोच्या एका सीरियन कुटुंबाने बैरूतच्या बेल्जियन वकिलातीत तसा अर्ज केला होता. ७ मार्च २०१७ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले की, असा व्हिसा देण्याचे बंधन युरोपीय कायदा घालीत नाही. इतकेच काय, नुसते विमान बदलण्यासाठी युरोपच्या विमानतळावर थांबावयाचे तरी ज्यांना वेगळा व्हिसा लागतो, अशा बारा देशांची यादी २००९ च्या व्हिसा संहितेत आहे. अफगाणिस्तान, इराक, इराण, इरिट्रिया, सोमालिया, काँगो, श्रीलंका ही त्यांतली काही नावे. जेथून माणसांना जीव घेऊन पळावे लागते, नेमक्या त्याच देशांची ही नामावळी आहे. योगायोगावर विश्वास ठेवावयाचा तर खुशाल ठेवावा.

सप्टेंबर २०१५ मध्ये बोद्रुमच्या किनाऱ्यावर एका सीरियन बालकाचा मृतदेह वाहून आला तेव्हा सारे जग हळहळले. तुर्कस्तानातून ग्रीसला विमानाने जाण्यास फार वेळ लागत नाही आणि नावाडी-दलाल जी रक्कम उकळतात तिच्या मानाने तिकीटही स्वस्त असते. तरीही माणसे रबरी होडीत का बसतात? सुरक्षित आणि स्वस्त मार्गाला दंडाचे कुलूप लावलेले आहे म्हणून. मानवी तस्करांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या सरकारांनीच त्यांना ही बाजारपेठ उघडून दिली आहे.

ब्रांट यांचे पारपत्र

आता सह्यांविषयी. मे १९९३ च्या घटनादुरुस्तीस दोनतृतीयांश बहुमत हवे होते. चॅन्सेलर कोल यांच्या आघाडीकडे ते नव्हते. ते मिळाले सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतांमुळे. ६ डिसेंबर १९९२ रोजी त्या पक्षाने सत्ताधाऱ्यांशी तडजोड केली होती. दुरुस्ती ५२१ विरुद्ध १३२ मतांनी संमत झाली. विरोधात गेलेल्या मतांत त्या पक्षाच्या अनेक सभासदांची मते होती, हे त्यांच्या सन्मानार्थ सांगितले पाहिजे. पण पक्षाने पक्ष म्हणून मान तुकवली.

हा तोच पक्ष, ज्याचे विली ब्रांट तेवीस वर्षे अध्यक्ष होते. ब्रांट हे जन्मनाव नव्हतेच. हर्बर्ट फ्राम या तरुण समाजवाद्याने नात्सींपासून लपण्यासाठी घेतलेले ते टोपणनाव. १९३३ च्या एप्रिलमध्ये ते मासेमारीच्या होडीतून डेन्मार्कला निसटले आणि तेथून नॉर्वेला गेले. १९३६ साली भूमिगत कामासाठी ते बर्लिनला परतले ते दुसऱ्याच एका नॉर्वेजियन विद्यार्थ्याच्या नावाचे पारपत्र घेऊन. १९३८ मध्ये नात्सी सरकारने त्यांचे नागरिकत्व हिरावून घेतले. म्हणजे विसाव्या शतकातील लोकशाही समाजवादाचा हा श्रेष्ठ नेता अनधिकृतपणे सीमा ओलांडणारा, खोट्या नावाने हिंडणारा आणि वैध पारपत्र नसलेला माणूस होता. कलम १८अ ज्याच्यासाठी लिहिले गेले, नेमका तोच हा माणूस!

येथे कोणी म्हणेल की ब्रांट यांची गोष्ट निराळी, ते थोर होते. पण १९३३ साली ते थोर नव्हते. ते एकोणीस वर्षांचे एक पोरसवदा कार्यकर्ते होते आणि त्यांच्या बाजूला पुरावा म्हणून त्यांच्या शब्दाखेरीज फारसे काही नव्हते. छळ करणारे सरकार आपल्या बळीला पारपत्र आणि छळाचे प्रमाणपत्र देत नसते. म्हणूनच १९५१ च्या जिनिव्हा कराराच्या एकतिसाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की, धोक्यातून थेट येऊन विलंब न लावता अधिकाऱ्यांपुढे हजर होणाऱ्या निर्वासिताला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये. जर्मन घटना घडत असताना याच पक्षाच्या कार्लो श्मिड यांनी बजावले होते की, आश्रय हा औदार्याचा प्रश्न आहे आणि उदार व्हावयाचे तर माणसाविषयी आपली फसगत होण्याचा धोकाही पत्करावा लागतो. त्यांच्या वारसदारांनी तो धोका पत्करण्याचे नाकारले आणि सारा धोका निर्वासिताच्या माथी मारला. ब्रांट १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये वारले; तडजोड झाली ती दोन महिन्यांच्या आत.

पक्षाच्या बाजूने त्या वेळी एकच युक्तिवाद होता : १९९२ साली ४,३८,१९१ आश्रय-अर्ज आले आहेत, रोस्टॉकमध्ये जमावाने निर्वासितांची वस्ती पेटवली आहे, म्योल्नमध्ये घर जाळून तिघींना मारले आहे; लोकांचा क्षोभ शमवला नाही तर फॅसिस्टांचे फावेल. क्षोभ शमला काय? घटनादुरुस्ती झाली २६ मे रोजी. २९ मे रोजी झोलिंगन येथे तुर्की कुटुंबाच्या घराला आग लावण्यात आली आणि पाच स्त्रिया व मुली मरण पावल्या. आग लावणाऱ्याच्या मागण्या मान्य केल्याने आग विझत नाही. आपली मागणी रास्त होती, असा त्याला दाखला मात्र मिळतो. आज तीस वर्षांनंतर परदेशीयांचा द्वेष हेच भांडवल असलेला पक्ष जर्मन संसदेत ठाण मांडून बसला आहे. त्या तडजोडीचे फळ कोणाच्या पदरात पडले हे यावरून समजावे.

दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला असा की, येणारे सगळेच छळाचे बळी नसतात. पुष्कळ जण पोटासाठी येतात. हे खरे आहे. पोटासाठी येणे पाप आहे असे समाजवाद्यांनी तरी म्हणू नये, हा मुद्दा क्षणभर बाजूस ठेवू. निवड करावयाची तर ऐकून घ्यावे लागते. धान्य आणि खडे वेगळे करण्यासाठी सूप हातात घ्यावे लागते. पोतेच नदीत फेकून देण्याला निवडणे म्हणत नाहीत. काउंटरवरचा दंड खोट्याला आणि खऱ्याला सारखाच अडवतो. किंबहुना चांगली कागदपत्रे विकत घेऊ शकणारा पुढे जातो आणि खरा कफल्लक मागे राहतो.

दुसरा आक्षेप, जलद निर्णय अर्जदाराच्याही हिताचा असतो. तोही खरा आहे, पण वकील आधी दिला तर. युरोपीय संघाने २०२४ साली जो नवा करार केला आणि १२ जून २०२६ पासून लागू व्हावयाचा असे ठरवले, त्यात ज्या देशांच्या नागरिकांना आश्रय मिळण्याचे प्रमाण वीस टक्के किंवा त्याहून कमी आहे, त्यांच्यासाठी सीमेवरच निकाल लावण्याची पद्धत अनिवार्य केली आहे. तिची मुदत बारा आठवड्यांपर्यंत. फ्रँकफुर्टची कल्पिती आता सबंध खंडाची होऊ घातली आहे. पण टक्केवारी ही समूहाची असते. छळ एकट्याचा होतो. शंभरांतल्या पंच्याऐंशींचे अर्ज फेटाळले गेले म्हणून शहाऐंशीव्याची बाजू आधीच संशयित मानणे याला संख्याशास्त्रही म्हणता येत नाही, मग न्याय कोठून म्हणावयाचे?

आपले अंगण

युरोपकडे बोट दाखवताना आपले अंगण झाडून घेणे अगत्याचे आहे. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही. आश्रयाचा कायदा आपल्याकडे नाहीच. मुंबईच्या विमानतळावर उतरून कोणी ‘माझा जीव वाचवा’ म्हणाला, तर त्याचे म्हणणे ऐकण्याची कायद्याने ठरलेली पद्धत नाही. जर्मनीत एकोणीस दिवसांची का होईना, सुनावणी आहे. आपल्याकडे अधिकाऱ्याची मर्जी आहे. जे थोडेबहुत संरक्षण आहे ते न्यायालयांनी दिलेले. १९९४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका इराणी निर्वासिताला इराणला पाठवू दिले नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलातील चकमांच्या प्रकरणात सांगितले की, एकविसाव्या कलमातील जीविताचा हक्क नागरिकांपुरता मर्यादित नाही. परंतु न्यायालयापर्यंत पोहोचण्यासाठी आधी विमानतळाबाहेर पडावे लागते!

उलट युरोपची वाईट नक्कल करण्यात आपण मागे राहिलो नाही. २००० सालच्या कायद्याने आपणही विमान कंपन्यांवर दर प्रवाशामागे एक लाख रुपये दंड बसवला; २०२५ च्या परकीय नागरिकविषयक नव्या कायद्याने जुने कायदे एकत्र केले तेव्हाही कंपन्यांची ही जबाबदारी कायम राहिली. आश्रयाविषयी मात्र त्यात काही नाही. लोकसभेत २०१५ मध्ये आश्रयविषयक खाजगी विधेयक मांडले गेले होते; त्याचे पुढे काही झाले नाही. आणि एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ‘सुरक्षित’ देशांची जी यादी सुचवली, तीत भारताचे नाव आहे. राज्यकर्त्यांना यात भूषण वाटेल. पण आणीबाणी भोगलेल्यांनी एक आठवण ठेवावी. त्या काळात मुंबईचे नामांकित वकील राम जेठमलानी यांच्यावर देश सोडून अमेरिकेत राजकीय आश्रय मागण्याची पाळी आली होती. आज सुरक्षित असलेला देश उद्याही सर्वांना सुरक्षित राहील, अशी हमी कोणतीही यादी देऊ शकत नाही.

म्हणून पक्षाने या प्रश्नावर निःसंदिग्ध भूमिका घेतली पाहिजे. आश्रय मागणाऱ्या प्रवाशाबद्दल विमान कंपनीला दंड करण्याची पद्धत बंद झाली पाहिजे, युरोपात आणि येथेही. मुलाखतीपूर्वी वकील आणि दुभाषा मिळणे हा हक्क मानला गेला पाहिजे. आणि भारतात धर्म न विचारता छळ विचारणारा आश्रयाचा कायदा झाला पाहिजे. या मागण्यांनी मते वाढणार नाहीत. निर्वासिताला मत नसते. त्याच्या वतीने मोर्चाही निघत नाही. पण ज्या चळवळीचे नेते एके काळी खोट्या पारपत्रांवर सीमा ओलांडत होते, तिने दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘तू आलाच नाहीस’ असे म्हणू नये. तो आलेला आहे. त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.